निकाहनामा, याद आणि सोडचिठ्ठी : कोर्ट नेमकं काय वाचतं?

लवळ्यात गुंठाभर जमीन घ्यायची म्हटली तरी माणूस सातबारा काढतो, फेरफार बघतो, चतुःसीमेवरून एकदा चालून येतो, वकिलाकडून शोध अहवाल घेतो आणि एवढं करूनही इसारपावतीवर सही करण्याआधी मामाला फोन लावतो. मुळशीत जमिनीला भाव आल्यापासून ही सावधगिरी पोरासोरांच्याही अंगवळणी पडली आहे. त्याच घरात लग्न निघालं की मात्र कागद कोणी वाचत नाही. निकाहनाम्याच्या कोणत्या रकान्यात काय भरलं हे नवरीच्या बापालाही सांगता येत नाही. हिंदू घरात विवाह नोंदणीचा दाखला विचारला तर ‘पासपोर्ट काढायचा असेल तेव्हा बघू’ असं उत्तर मिळतं.

पुढे भांडण उभं राहिलं की हेच कागद न्यायाधीशांपुढे जातात. तिथे ते कसे वाचले जातात, त्यातलं काय टिकतं, काय गळून पडतं आणि म्हणून आधीच काय करून ठेवावं, एवढ्यापुरता हा लेख. गावात आता सिम्बायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठं आहेत. त्यांच्यामुळे आणि पलीकडच्या हिंजवडीमुळे इथे देशभरातली माणसं राहायला आली. निकाह झालेलं जोडपं, चर्चमध्ये लग्न लागलेलं जोडपं, आळंदीला जाऊन लग्न केलेलं आणि रजिस्टर लग्न केलेलं, अशी सगळी एकाच सोसायटीत सापडतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा, पण कोर्टाची वाचण्याची पद्धत बरीचशी एक.

न्यायालय वैयक्तिक कायदा लावतं, पण कोण किती धार्मिक आहे हे तपासायला ते बसलेलं नसतं. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: लग्न कोणत्या रीतीनं लागलं, तेव्हा काय कबूल झालं आणि ते आज सिद्ध करता येतं का. कबुली लेखी असेल तर कागद लागतो, विधी असेल तर साक्षीदार लागतो आणि रूढी असेल तर ती खरोखर जुनी असल्याचा पुरावा लागतो. कबूल झालेली गोष्ट देशाच्या कायद्याच्या विरुद्ध नसेल, तर केवळ ती धार्मिक कागदावर लिहिली आहे म्हणून कोर्ट तिला हात लावायला कचरत नाही.

निकाहनामा : रिकामा रकाना महागात पडतो

अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी १८८६ मध्ये मुस्लिम विवाह हा संस्कार नसून दिवाणी करार आहे असं मांडलं. महमूद म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव. तेव्हापासून आजपर्यंत या निकालाचा दाखला दिला जातो. करार म्हटलं की त्यात अटी घालता येतात, आणि बायकांच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. ती वापरणारी घरं मात्र विरळा.

सुरुवात मेहरपासून करा. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे असंच न्यायालयं मानतात. नवरा वारला तर वाटणीच्या आधी इतर कर्जांच्या बरोबरीनं ते त्याच्या मालमत्तेतून फेडावं लागतं. मेहरचे दोन भाग असतात. एक मागताक्षणी द्यायचा, दुसरा तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायचा. उर्दूत या दोन प्रकारांची नावं कानाला जवळजवळ सारखीच लागतात, त्यामुळे मराठी मुलुखात भरणारा एक समजतो आणि वाचणारा दुसरं. म्हणून नावाबरोबरच साध्या मराठीत लिहून घ्या: ‘यातील इतकी रक्कम पत्नी मागेल तेव्हा देय, उरलेली विवाह संपल्यावर देय.’ हा तपशील नसेल तर न्यायालयाला समाजातला रिवाज आणि दोन्ही घरांची ऐपत बघत बसावं लागतं. रक्कमच लिहिलेली नसेल तर मुलीच्या माहेरच्या बायकांना किती मेहर ठरलं होतं यावरून अंदाज बांधला जातो. आत्याच्या निकाहातला आकडा कोर्टात कोण सांगणार?

रक्कम कशात लिहायची हेही ठरवून घ्या. काही घरांत अजून मोजके रुपये लिहितात, काही ‘मेहर-ए-फातिमी’ एवढंच लिहून थांबतात. परंपरेनं ते पाचशे दिरहम, म्हणजे सुमारे दीड किलो चांदी धरलं जातं. पण हिशोबावरून वाद होतोच. चांदी असेल तर वजन ग्रॅममध्ये लिहा. सोनं असेल तर वजन आणि कॅरेट लिहा. रोख असेल तर ती दहा वर्षांनी किती उरेल याचा विचार करा. माझं मत विचाराल तर सोन्यात मेहर ठरवणं शहाणपणाचं. जे निकाहात दिलं त्याची पोच त्याच कागदावर घ्या, कारण ‘दागिने घातले तेच मेहर होतं’ आणि ‘ते तर सासऱ्यांनी भेट दिले होते’ हा वाद फार जुना आहे. मेहर वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मागणी करूनही नकार मिळाला, किंवा विवाह संपला, की घड्याळ चालू होतं.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. नवऱ्याची मय्यत दारात असताना बाईकडून ‘मेहर माफ केलं’ असं म्हणवून घेण्याची रीत काही घरांत आहे. कलकत्ता उच्च न्यायालयानं १९२० मध्येच, पतीच्या मृत्यूनं दुःखात बुडालेल्या स्त्रीनं केलेली अशी माफी तिला बांधून ठेवत नाही असं ठरवलं. माफी मोकळ्या मनानं, समजून-उमजून दिलेली असावी लागते. त्या दिवशी कोणी काही बोलायला लावलं असेल तर हक्क गेला असं समजू नका, वकिलाला भेटा.

भाषेचा मुद्दा याहून महत्त्वाचा. आपल्याकडचे बरेच निकाहनामे उर्दूत छापलेले असतात आणि नवरा-नवरी मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेले असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या अपील न्यायालयापुढे २०१० मध्ये एका अफगाण कुटुंबाचं प्रकरण आलं होतं. वीस हजार डॉलरचं मेहर फारसीत लिहिलेलं होतं. नवऱ्याला ती भाषा येत नव्हती आणि असा काही करार आहे हे त्याला सहीच्या पंधरा मिनिटं आधी कळलं होतं. न्यायालयानं धर्माच्या प्रश्नात न शिरता साध्या करार कायद्याचा निकष लावला: दोघांनाही अटी समजल्या होत्या का? उत्तर नाही असं आलं आणि मेहर मिळालं नाही. इंग्लंडमध्ये आणि न्यू जर्सीत याच निकषावर मेहर मंजूर झाल्याचीही उदाहरणं आहेत. आपल्या भारतीय करार अधिनियमालाही, १८७२ पासून, संमती खरी असावी लागते. म्हणून मराठी तर्जुमा शेजारीच छापलेला निकाहनामा वापरा. तसा मिळत नसेल तर वेगळ्या कागदावर तर्जुमा करून त्यावरही दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. कोर्टात अनुवाद तसाही द्यावा लागतो. तो दहा वर्षांनंतर भांडणाच्या भरात करण्यापेक्षा दोन्ही घरं खुशीत असताना केलेला बरा.

साक्षीदार निवडताना मान आणि वय बघून आजोबांना बसवतात. बसवा, पण त्यांच्याबरोबर एखादा तिशीतला चुलत भाऊही घ्या. वीस वर्षांनी साक्षीला येणारा माणूस हयात आणि सापडणारा असावा लागतो. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या माहेरी ठेवा. काझींच्या नोंदवहीतला अनुक्रमांक, पान आणि त्या जमातीचं नाव आपल्या प्रतीवर टिपून ठेवा. कागद हरवला तर शोध तिथूनच सुरू होतो.

कोणत्या अटी टिकतात

लग्नानंतर शिक्षण पूर्ण करू देईन, नोकरी करू देईन, वेगळं बिऱ्हाड करून देईन, दरमहा अमुक खर्च देईन अशा अटी लिहिता येतात. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर पत्नीला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार राहील, ही अटही चालते. नवऱ्यानं आपला तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत बायकोच्या हाती सोपवायचा, या पद्धतीला तलाक-ए-तफवीझ म्हणतात. ती काही आजकालच्या सुधारकांनी काढलेली नाही. बंगाल-आसामकडे ‘काबीननाम्या’त असली कलमं जुनी आहेत आणि कलकत्ता व गुवाहाटीच्या न्यायालयांनी ती मान्य केलेली आहेत. अट लिहिताना प्रसंग मात्र नेमका लिहा. ‘नवरा नीट वागला नाही तर’ असं लिहिलं तर नीट म्हणजे काय यावरच पाच वर्षं जातील. ‘सलग सहा महिने घरखर्च दिला नाही तर’ हे बँकेच्या पासबुकावरून सिद्ध करता येतं.

काही अटी मात्र कितीही सह्या असल्या तरी कोसळतात. मुंबई उच्च न्यायालयानं बाई फातमा विरुद्ध अली महंमद ऐयब या शंभर वर्षांपूर्वीच्या खटल्यात, पुढे-मागे नवरा-बायको वेगळे झाले तर काय द्यायचं याचा आधीच केलेला करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे असं ठरवलं. लग्न मोडण्याची तजवीज आधीच करून ठेवणं कायद्याला रुचत नाही असा त्यामागचा विचार. आजच्या काळात तो किती योग्य यावर वाद घालता येईल, पण अट लिहिणाऱ्यानं तो ध्यानात ठेवायला हवा. म्हणून तीच गोष्ट मेहरच्या रूपात लिहिणं सुरक्षित. मेहरला कायद्याचा पक्का आधार आहे. ‘पत्नी कधीही पोटगी मागणार नाही’ ही अटही सोडून द्या. कायद्यानं दिलेली पोटगी अशा कबुलीनं बुडत नाही, असाच न्यायालयांचा कल राहिला आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग खुला असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये, जुन्या कलम १२५ बद्दल बोलताना, पुन्हा स्पष्ट केलं.

दुसऱ्या लग्नाच्या अटीबद्दल एक गैरसमज आहे. ‘दुसरं लग्न करणार नाही’ एवढंच लिहिलं आणि नवऱ्यानं केलं, तर त्या अटीमुळे दुसरा निकाह रद्द होत नाही. त्या अटीला परिणाम जोडावा लागतो: तसं केल्यास पत्नीला तलाकचा अधिकार, वेगळं घर, वाढीव खर्च.

‘मी तलाक दिला होता’

पोटगीचा अर्ज आला की नवऱ्याच्या जबाबात हे वाक्य हमखास यायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानं मे २००२ मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात त्याला चाप लावला. तलाकला वाजवी कारण लागतं. त्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मध्यस्थी करून समेटाचा प्रयत्न केलेला असावा लागतो. आणि हे सगळं कोर्टात पुराव्यानं शाबीत करावं लागतं. नुसतं जबाबात लिहून तलाक होत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा प्रकरणात हेच सांगितलं. मराठवाड्यातल्या एका घरातल्या भांडणातून आलेला हा निकाल मराठी वाचकांना फारसा माहीत नाही, आणि एका दमातल्या तिहेरी तलाकचं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी. तो २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला.

पुण्याला हा विषय नवा नाही. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं ते याच शहरात, आणि तोंडी तलाकविरुद्धचं काम तेव्हापासून इथून चाललं. व्यवहारात याचा अर्थ असा: समेटाच्या बैठका झाल्या तर तारीख, हजर माणसं आणि काय ठरलं याची टिपणं ठेवा. व्हॉट्सॲपवरचे निरोप पुसू नका. दोघांच्या संमतीनं मुबारत होत असेल तर लेखी करारावर थांबू नका. कौटुंबिक न्यायालयाकडून विवाह संपल्याची घोषणा मिळवा.

दारुल कझा, म्हणजे मुस्लिम धार्मिक निवाडा मंडळ, त्याच्या कागदाबद्दल विचारणा होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशा मंडळाचा निवाडा किंवा फतवा कायद्यानं कोणावर बंधनकारक नाही. समेटासाठी तिथे जायला हरकत नाही. निकाहनाम्यात ‘आधी मध्यस्थाकडे जाऊ’ असं कलम घातलंत तरी वैवाहिक दर्जाचा निर्णय लवादाकडे सोपवता येत नाही, हे धरून चाला. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च स्तरावरच्या न्यायालयानं १९८३ मध्ये अविट्झर खटल्यात ज्यू विवाहपत्रातलं असं कलम पाळायला लावलं होतं, पण तेवढंच: नवऱ्यानं धर्मपंचांपुढे हजर व्हावं. पुढे पंचांनी काय करावं यात न्यायालय पडलं नाही.

सप्तपदीचा व्हिडिओ आणि आळंदीचा दाखला

हिंदू विवाहात करारनामा नसतो, म्हणून कोर्ट विधी वाचतं. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण मराठीच आहे. भाऊराव शंकर लोखंडे यांनी पहिली पत्नी असताना फेब्रुवारी १९६२ मध्ये कमलाबाईंशी दुसरं लग्न लावलं आणि द्विभार्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये ती रद्द केली. कारण हे: हार घातले, कपाळाला कपाळ लावलं, पण होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नव्हता. आमच्यात पाच-सात वर्षांपासून ते विधी करत नाहीत, हा खुलासाही चालला नाही, कारण पाच-सात वर्षांची सवय म्हणजे रूढी नव्हे. लग्नच शाबीत झालं नाही, मग गुन्हा कसला? पहिल्या बायकोच्या बाजूनं पाहिलं तर हा निकाल कडू आहे. पण धडा सगळ्यांना लागू: विधी झाले असतील तर ते दाखवता आले पाहिजेत.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉली राणी प्रकरणात हेच उलट बाजूनं सांगितलं. एका संस्थेचा दाखला होता, सरकारी नोंदणीही झाली होती, पण विधी झालेच नव्हते. न्यायालयानं ते लग्न धरलं नाही. व्हिसासाठी आधी नोंदणी आणि मंडपात लग्न नंतर, असं ठरवणाऱ्या जोडप्यांनी हे नीट वाचावं. तसंच करायचं असेल तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन रजिस्टर लग्न करा; तिथे विधींची गरजच नाही.

आळंदीला लग्न करणाऱ्यांनी दाखला घेऊन पळू नये. गुरुजींचं पूर्ण नाव, कार्यालयाची पावती, सप्तपदी आणि होमाचं चित्रण, दोन्हीकडच्या साक्षीदारांचे पत्ते हे सगळं एका ठिकाणी ठेवा. फोटोवाला वरमाला आणि जेवणावळ मन लावून टिपतो आणि सप्तपदीच्या वेळी बॅटरी बदलायला जातो. त्याला आधी सांगून ठेवा. आपल्या समाजात वेगळी रीत असेल, सत्यशोधक असेल, बौद्ध असेल, तर ती कोणती, कोणत्या क्रमानं झाली हे नोंदीत लिहा. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी एकोणिसाव्या शतकातच भटजींशिवाय घरची लग्नं लावली होती. ग्रामजोशांनी दक्षिणेसाठी लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पाटलांच्या बाजूनं सुटला.

आपल्याकडे एक लेखी कागद मात्र असतोच: याद. बैठकीत पाहुणे जमतात, देण्याघेण्याची यादी होते, दोन्हीकडचे सही करतात. त्यात हुंड्याची कलमं असतील तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं तो करार शून्य आहे, आणि वर गुन्ह्याचा पुरावाही. खुशीनं दिलेल्या वस्तूंची यादी हा वेगळा कागद. ती करावी असं १९८५ चे नियमच सांगतात: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव व नातं, आणि नवरा-नवरीच्या सह्या. स्त्रीधन परत मागताना या यादीइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

पाचशेच्या मुद्रांकावरची सोडचिठ्ठी

मुळशी-मावळात अजूनही ‘नोटरी करून फारकत घेतली’ असं लोक सांगतात. मुद्रांक कितीही रुपयांचा लावा, नोटरीचा शिक्का कितीही लाल असो, त्यानं लग्न मोडत नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९ मध्ये रूढीनं मिळणारा घटस्फोट शिल्लक ठेवलेला आहे, हे खरं. पण तो रूढीवर उभा असतो, कागदावर नव्हे. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये बजावलं की अशी रूढी आपल्या समाजात आहे हे दाव्यात मांडावं लागतं आणि पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. त्याही आधी, १८७६ मध्ये, शंभू रघू खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की लग्न रद्द ठरवून बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचांच्या भरवशावर पाट लावलेल्या बायका तेव्हा गुन्हेगार ठरत, आणि आजही दुसऱ्या लग्नाच्या पोटगीवर, वारसा हक्कावर याच जुन्या चिठ्ठीमुळे गदा येते. हातात अशी चिठ्ठी असेल आणि दुसरं लग्न ठरत असेल, तर थांबा. परस्पर संमतीची याचिका टाकून हुकूमनामा घ्या.

ख्रिस्ती कुटुंबांची अडचण साधारण अशीच. चर्चच्या न्यायाधिकरणानं विवाह रद्द केला तरी देशाच्या कायद्यात तो चालूच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात ठरवलं. चर्चमध्ये पुन्हा लग्न लावायला तो कागद लागेल, पण त्याच्याबरोबर १८६९ च्या घटस्फोट अधिनियमाखालचा हुकूमनामाही हवा. पुण्यातल्या रास्ता पेठेच्या आणि कॅम्पातल्या लाल देवळाच्या सिनेगॉगमध्ये लग्न लागलेल्या बेने इस्रायली कुटुंबांसाठी वेगळा संहिताबद्ध कायदाच नाही. त्यांनी केतुबा, म्हणजे ज्यू विवाहपत्र, आणि त्याचा तर्जुमा जपून ठेवावा. पारशांसाठी १९३६ चा कायदा आणि समाजातले प्रतिनिधी घेऊन बसणारं वेगळं न्यायालय आहे. सोयरीक गोव्यात जमली असेल, तर तिथल्या पोर्तुगीज वळणाच्या दिवाणी कायद्यात वेगळं काही ठरवलं नसल्यास नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. वेगळं ठरवायचं तर करार लग्नाआधीच रीतसर नोंदवावा लागतो. नंतर बदलता येत नाही.

नोंदणी आणि कोर्टाचा पत्ता

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी गावातच होते. लवळ्याचे असाल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, नव्वद दिवसांत ज्ञापन द्यायचं. तीन साक्षीदार, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, लग्नपत्रिका किंवा निकाहनामा, फोटो आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. मुदत टळली तरी नोंदणी करून घ्या. नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही आणि नोंदणी आहे म्हणून विधी न झालेलं लग्न वैध होत नाही, पण तारीख आणि ठिकाण यांबद्दल पुढे वाद उरत नाही.

पुण्याचं कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला आहे. लवळ्याच्या पत्त्यावरची याचिका तिथे जाईल की दिवाणी न्यायालयात, हे हद्दीवरून ठरतं, आणि पुण्याभोवतीच्या हद्दी सारख्या सरकत असतात. दाखल करण्याआधी तिथल्या खिडकीवर विचारून घ्या. हिंदू विवाह अधिनियमाखाली पत्नीला ती सध्या राहते तिथेही याचिका करता येते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज पौडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ करणारी राज्य सरकारची १९९४ ची अधिसूचना आहे. अर्ज लिहिणाऱ्याला तिची आठवण करून द्या. पहिल्या भेटीला जाताना मूळ कागद वकिलाकडे सोडून येऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घेऊन या.